नऊ नंबरचे दोन डबे

दसऱ्याला आमच्या मेहकरच्या घराला कुलूप असतं. आई, बाबा, चुलते, चुलतभावंडं, सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षी मीही पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी मोताळ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांचा फोन आला आणि साडी कपाटातच राहिली.

"म्याडम, तुमचा डबा लाल दिवा दाखवून राह्यला. उद्या खरेदीचा मुहूर्त हाय आमचा!"

जिनिंग, डाळमिल असल्या कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनलची कामं मी करते. मालक ज्याला डबा म्हणत होते ते नेटवर्क अडॅप्टर मॉड्यूल. तळहातावर मावेल एवढी वस्तू, पण पॅनल आणि मुख्य कंट्रोलर यांचं बोलणं तिच्यामार्फत चालतं. ती गप्प बसली की पॅनल असून नसल्यासारखं. मालकांनी रुईच्या गाठी बांधणारी नवीन प्रेस घेतली होती. तिच्या पॅनलमध्ये हा डबा त्यांच्या वायरमनने बसवायचा, मी मागाहून जाऊन प्रोग्राम टाकायचा, असं ठरलं होतं. ड्रॉइंगही मी पाठवून दिलं होतं.

सकाळच्या एसटीने निघाले. राजूर घाट उतरेपर्यंत मी मनातल्या मनात मालकांना, प्रेसला आणि त्या डब्याला यथेच्छ शिव्या घातल्या. रोहिणखेड फाट्याच्या अलीकडे उतरले तर जिनिंगच्या फाटकाला झेंडूची तोरणं, आत मांडव आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. एवढं सगळं बघून माझा राग जरा निवळला. मांडव दिसला की मला आधी जेवणाचा वास येतो, आणि तिथे तर खरोखरच पुरण शिजत होतं.

मालक दारातच होते. पन्नाशीचे, गडगडाटी आवाजाचे. या माणसाचा नऊ आकड्यावर जीव. जीप, ट्रक, मोटारसायकल, सगळ्यांच्या नंबरांची बेरीज नऊ. फोन नंबराचीसुद्धा नऊच येते, हे त्यांनी पहिल्या भेटीत मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. आज मात्र त्यांच्या बोटात पॅनलची किल्ली गरगरत होती.

"ती किल्ली तर वायरमनकाकांकडे असते ना?" मी विचारलं.

"होती. डबा खराब करून ठेवला त्यानं. आज मुहूर्ताले प्रेस नाई चालली, तर उद्यापासून तो फाटकावर राखणीले बसीन. पॅनलले हात नाई लावू देणार म्या त्याले."

वायरमनकाका तिथेच, ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे होते. पांढऱ्या मिशा, खिशात टेस्टर. मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं होतं. ती किल्ली कायम त्यांच्या कडदोऱ्याला बांधलेली असायची, आणि आता त्यांचा हात उगाचच सारखा कमरेकडे जात होता. मला ते बघवेना.

"काका, काय झालं?"

"काई नाई ताई. पाहा तुम्हीच," एवढंच म्हणाले आणि खाली बघू लागले.

मी पॅनल उघडलं. आदल्या दिवशी खंडेनवमी होऊन गेलेली, म्हणजे यंत्रांची पूजा. मालकीणबाईंनी एकही वस्तू सोडली नव्हती. मोटारीला हार, प्रेसला हार, आणि नव्या डब्याच्या तोंडावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, वर तांदळाचे दाणे. कुंकू आता वाळून घट्ट बसलं होतं. त्याच्या बाजूला लाल दिवा जळत होता.

मी आधी केबल बघितली. जिनिंगमध्ये रुईचं तूस कुठेही शिरतं, उंदीर-खारी वायर कुरतडतात. पण केबल धडधाकट, जोडणी स्वच्छ, स्क्रू पक्के. काकांचं काम इतकं सुबक होतं की दोष सापडत नाही म्हणून मी आणखीच चिडले. डबाच मुळात खराब असेल म्हणावं, तर बदली डबा थेट पुण्याहून यायचा. तोवर मुहूर्त टळणार आणि काका फाटकावर बसणार. बाहेर भटजींनी घसा साफ केला तशी मी पुन्हा पहिल्या स्क्रूपासून तपासायला लागले.

मालक दर दोन मिनिटांनी डोकावत होते. "झालं का म्याडम?"

"तुम्ही असे उभे राहिलात तर तो डबा लाजतो," मी म्हटलं. मालकीणबाई खुदकन हसल्या आणि माझ्या हातात चिवड्याची बशी दिली.

चिवडा खाताखाता सुचलं. यंत्रांना कापूस पुरवणाऱ्या जुन्या फीडिंगच्या पॅनलमध्येही असाच एक डबा आहे. तो बंद केला, मग नवा बंद करून पुन्हा चालू केला. लाल विझला आणि हिरवा लुकलुकायला लागला! मग जुना चालू केला. आता जुना लाल. म्हणजे जो आधी उठेल तो शहाणा, मागून येणारा बाद. याचा अर्थ एकच असतो. प्रत्येक डब्याला स्वतःचा वेगळा नंबर लागतो, आणि या दोघांचा नंबर एक होता. वर्गात एका नावाची दोन पोरं असली आणि दोघंही हजेरीला ओरडली की गुरुजींचं जे होतं ते कंट्रोलरचं झालं होतं.

नंबर लावायच्या छोट्या चकत्या त्या स्वस्तिकाखाली. आता ते पुसायचं कसं? आमच्या घरी कुंकवाचा करंडा नाही, आणि दुसऱ्याच्या पूजेवर ऐन सणाला फडकं फिरवायला मला संकोच वाटत होता. मी मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता पदर ओला केला आणि डब्याचं तोंड लेकराचं पुसावं तसं पुसलं.

खाली शून्य आणि नऊ.

"जुन्याला नऊ आहे, नव्याला मी ड्रॉइंगवर दहा लिहिलं होतं," माझा आवाज चढला. "इथे नऊ लावायला कोणी सांगितलं?"

"म्याच सांगतलं!" मालक अभिमानाने पुढे आले. "वायरमन दहा लावून राह्यला होता. म्हटलं, हट! आपल्या इथं नऊच लागते."

ते बोलून गेले आणि मग त्यांची नजर त्या नवावर खिळली. गरगरणारी किल्ली थांबली.

"म्हंजे डबा तुम्हीच बिघडवला," मालकीणबाई म्हणाल्या, "अन् शिक्षा काकाले. लहानपणी यायच्याच खांद्यावर बसून जिनिंगात हिंडत होता ना तुम्ही? तवा काका म्हनत होता. आता वायरमन झाला त्यो."

"काका, तुम्ही बोलला काऊन नाई?" मीसुद्धा वऱ्हाडीवर आले.

"मालकाचा आकडा होता, ताई. चार लोकांत त्यायले कसा खोटा पाडू?"

मालक कानापर्यंत लाल झाले, पण हट्ट सुटेना. "दहा नको पन. एक अन् शून्य, बेरीज एकच येते."

मला हसू आवरेना. "शेठ, अठरा चालेल? एक आणि आठ."

त्यांनी बोटांवर मोजलं. चेहरा उजळला. मी काकांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि अठरा त्यांनाच लावू दिलं. दोन्ही डबे बंद करून चालू केले, मी लॅपटॉपवर प्रोग्राममध्ये अठरा घातलं आणि दोन्ही दिवे एकदम हिरवे, अगदी स्थिर. प्रेस घुमायला लागली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मुहूर्त झाला, पहिल्या गाडीवाल्याला हार घातला, मग सोनं वाटायची वेळ आली. तिथली रीत अशी की मालक खुर्चीवर बसतात आणि कामगार एकेक करून त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवतात. काका रांगेत शेवटी होते. त्यांची पाळी यायच्या आतच मालक खुर्चीवरून उठले, रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले आणि काकांच्या पायाशी वाकले.

"काका, सोनं घ्या," म्हणाले, आणि पान त्यांच्या तळहातावर ठेवलं.

पानाच्या वजनाने हात खाली जात नाही, पण काकांचा गेला. त्यांनी पान उचललं. खाली किल्ली होती. त्यांनी मालकांच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला, आणि मग भर मांडवात सदरा वर करून किल्ली कडदोऱ्याला बांधायला लागले.