जिन्यातली विटांची जाळी

आमच्या इमारतीच्या जिन्याला विटांची जाळी आहे. एक वीट आडवी, एक तिरकी, मध्ये मोकळी जागा. वारा यावा म्हणून ठेवली असेल. पण सकाळचं ऊन आलं की तिची नक्षी थेट आमच्या दारासमोरच्या फरशीवर उतरते.

माझी बायको त्या नक्षीवरूनच रांगोळी काढायची. उजेडाच्या कडेकडेनं तिची चिमूट धावायची, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही. रांगोळी पुरी होईपर्यंत मूळ नक्षी शेजारच्या फरशीवर सरकलेली असायची. मला कलेतलं काही कळत नाही, पण सुंदर गोष्ट पुरती हाती लागत नाही, एवढं तिथं उभं राहून कळलं.

मी नेमका तेव्हाच दूध घेऊन वर यायचो.

"अहो, सरका ना! माझा उजेड अडवताय," ती खेकसायची. मग ती उठेपर्यंत मी भिंतीला चिकटून उभा.

ती गेल्यापासून नक्षी रोज कोऱ्या फरशीवर उतरते आणि विरून जाते. मला रांगोळी येत नाही. दूध घेऊन वर येतो आणि अजूनही भिंतीला चिकटून उभा राहतो. उजेड अडू नये म्हणून.