जावळ्यांच्या दोन पुड्या

माझं शरीर माझ्याशीच भांडतंय, असं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या अंजूरच्या घरात कोण कुणाशी भांडत नाही? ल्युपस हे नाव तेवढं नवं होतं. राग आला तो बहिणीचा. आम्ही जुळ्या, नाक, आवाज, चालणं सगळं एक. ती राहनाळच्या सासरी गोदामांचं भाडं खाऊन टुणटुणीत, आणि मी गुडघे धरून बसलेली.

दोन वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन माझे गाल फुगले, तेव्हा शेवटी मी बाईंना विचारलं, "मीच का?"

बाई म्हणाल्या, दोघींची जनुकं सारखीच. पण कुठलं चालू ठेवायचं, कुठलं बंद, याच्या खुणा पेशींत असतात आणि त्या जन्मभर बदलतात. रोगाशी लढणाऱ्या तुमच्या पेशींत त्या बिघडल्या असाव्यात. आमचा अभ्यास त्यावरच चालू आहे. निरोगी जुळी बहीण म्हणजे तर घबाडच! दोघींचं रक्त ताडून बघू.

मी बहिणीला घेऊन गेले. सुई टोचण्याआधी बाईंनी तिचे गाल निरखले. माझ्यासारखेच गरगरीत.

"तुम्ही स्टेरॉइड घेता?"

"आई देते त्या गोळ्या घेते," बहीण म्हणाली.

आमच्यात जावळ्यांना, म्हणजे जुळ्यांना, सगळं जोडीनं. मला गोवर आला तेव्हा काढा तिलाही पाजला होता. एकीला दिलेलं दुसरीला चुकवलं तर बाधतं म्हणे. आईनं दोन वर्षं माझीच चिठ्ठी दोन मेडिकलवाल्यांना दाखवली आणि दर शनिवारी एक पुडी राहनाळला पोचवली.

रक्त बाद. औषधानंही त्या खुणा बदलतात. बाईंनी कपाळावर हात मारला आणि बहिणीला बजावलं, गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या.

घरी येऊन मी आईवर तोंड सोडलं. "तिला झालं काय होतं गं?"

"तिला कायच झाला न्हाय," आई म्हणाली. "म्हनून तं. कडू गोली तुला येकलीला कशी देव?"

खरं सांगते, बहिणीचे गाल फुगताना बघून मी मनातून खूश होत होते. "मीच का" म्हणताना मला "ती का नाही" असंच म्हणायचं होतं. आईनं ते बिनबोभाट करून टाकलं होतं.

आता शनिवारची पुडी मीच बांधते, दर खेपेला थोडी कमी. तिचे गाल उतरताहेत, माझे नाहीत. आणि जन्मात पहिल्यांदाच मला वाटतंय, आम्ही दोघींनी सारखं दिसू नये.