पाहुण्याला न वाढण्याचा दिवस

…तर दिलीपच्या ताटात पाचवी पुरणपोळी पडली, तिथवर काल आलो होतो. तिच्यावर सुनेत्राबाईंनी तूप कसं वाढलं, ते सांगायचं राहिलं. चमच्यानं नाही, वाटीनं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. सुनेत्राबाई पुण्याच्या. सत्तावीस वर्षांचा मुलगा साकेत नोएडात कंप्युटर कंपनीत होता. गाझियाबादच्या नव्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट, आणि लिफ्टला अजून वीज आलेली नव्हती. फेब्रुवारीत त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. बाई आल्या आणि तेव्हापासून त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात वॉर्डाच्या काचेबाहेर येरझाऱ्या. वॉचमन म्हणायचा, "माताजी, फर्श घिस जाएगा." घरी आल्या की घासलेली भांडी पुन्हा घासायच्या.

औषधांनी साकेतच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, पार तळाला गेल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत एक पिशवी चढलीच पाहिजे, दाता तुम्ही आणा. पहाडगंजच्या मराठी शाळेच्या फळ्यावर बाईंनी रक्तदाता हवा अशी चिठ्ठी लावली होती. ती वाचून दोघांनी फोन केला. एक लग्नाला पानिपतला गेलेला, परतल्यावर येतो म्हणाला. दुसरा हा दिलीप, परभणीचा, कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेला आणि दोन वर्षं मेसचा राजमा खाऊन कंटाळलेला. तो सकाळी नऊला सहा मजले चढून दारात उभा राहिला. मुलाला रक्त द्यायला आलेला माणूस, त्याच्या अंगात ताकद नको? बाईंनी पहाटेच पुरण शिजवलं होतं.

अकरा वाजता रक्तपेढीतल्या माणसानं नमुन्याची नळी उजेडात धरली. वर दुधासारखा पांढरा थर.

"इन्होंने सुबह क्या खाया?"

बाईंनी अभिमानानं सांगितलं.

"घी?"

"घर का," बाई म्हणाल्या.

त्या माणसानं नळी खाली ठेवली. असं तुपाळ रक्त प्लेटलेट काढणारं मशीन घेत नाही. साडेचारला पुन्हा तपासू, तोवर सूखी रोटी, पतली दाल और पानी. "माताजी, इन पर नज़र रखना."

नजर दिलीपवर नव्हे, स्वतःच्या हातावर ठेवायची होती. समोर माणूस भुकेला बसलाय आणि आपण "अजून घे" म्हणायचं नाही, हे बाईंना साठ वर्षांत जमलेलं नव्हतं. एक वाजता रक्तपेढीबाहेरच्या बाकावर त्यांनी दोन कोरडे फुलके दिले.

"लोणचं नाही का, काकू?"

डब्याच्या पिशवीत लिंबाचं लोणचं होतं. हात पिशवीत गेला, तसाच परत आला. "पाणी पी."

"बसा तरी जरा."

"तू पी."

समोसेवाला आला, तेव्हा बाई त्याच्या आणि दिलीपच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. दिलीप म्हणाला, "काकू, कलेक्टर झालो की तुमच्यावर पहिला गुन्हा. जेवण घालून सरकारी कामात अडथळा."

बाई हसल्या नाहीत. त्या काचेपाशी गेल्या. साकेतच्या ओठांत धरलेला कापूस सकाळी गुलाबी होता, आता लाल झाला होता. त्या घड्याळापाशी आल्या, पुन्हा काचेपाशी गेल्या. माझ्याच हातानं मी पोराची पिशवी सांडली, एवढं एकच मनात.

साडेचारला नव्या नमुन्याची नळी उजेडात धरली. थर नव्हता.

सात वाजता साकेतच्या उशाशी दिलीपच्या प्लेटलेटची पिवळसर पिशवी लटकत होती. तासाभरात कापूस बदलला, तो पांढराच राहिला. तोंडाला मास्क बांधून बाईंना दोन मिनिटं आत सोडलं. साकेतला सगळी हकीकत नर्सकडून कळली होती.

"आई, पुढच्या पिशवीला परवा तो पानिपतला गेलेला येणार ना? त्याला काय वाढणार?"

"सुई निघेपर्यंत कोरडा फुलका. निघाली की तो माझा, मग डॉक्टरांनी मधे बोलायचं नाही."