मासळी बाजारातला मधला खांब

कौलं पडायला लागली तेव्हा आई आपल्या जागेवरून उठेना. बाकीच्या कोळणी पाट्या टाकून दोन्ही दारांकडे धावल्या. वर कडकड आवाज झाला, मधला खांब बुडाशी कलला. त्याच्या अलीकडे माझी आई आणि पलीकडे शेजारची काकी, दोघी तशाच बसून.

"उठ गो आये!" मी ओरडले.

"ती उठांदे आधी," आई म्हणाली.

हे वेड्यासारखं वाटेल, म्हणून बाजार कसा होता ते सांगते.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची, हद्दीच्या अलीकडच्या आमच्या गावातली गोष्ट. मी चौथी पास होऊन शाळा सोडली होती आणि आईबरोबर मासे विकायला बसत होते. गिऱ्हाईक नसलं की मी बाजारच बघत राही. चिऱ्याच्या भिंती, एक दार रस्त्याकडे, एक समुद्राकडे, मध्ये लाकडी खांबांची रांग, वर कौलं. मासळी यायची समुद्राच्या दारातून, पण सुरमई मांडायची रस्त्याच्या दाराशी आणि तिसऱ्या, कालवं अशी शिंपल्यातली स्वस्त मासळी पार कोपऱ्यात. असं का, ते मी कितीतरी दिवस बघितलं. रस्त्याकडून आलेला माणूस सुरमईचा भाव ऐकतो, तोंड वाकडं करतो, पुढे सरकतो, आणि सरकत सरकत आपल्या ऐपतीच्या कोपऱ्यात पोचतो. ही मांडणी कोणी शिकवली नव्हती.

दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. एका खणात एक बाई. भिंत नाही, रेघ नाही, खांब हीच हद्द. जागा कोणाच्या नावावर नव्हती. जिचा आडाळो, म्हणजे मासे कापायची विळी, फरशीवर असेल तिची ती जागा. एका वर्षी पावसाआधी कौलं परतायला काढली आणि बायका चार दिवस बाहेर बसल्या. आई आत परतेपर्यंत तिच्या दाराजवळच्या जागेवर दुसरीचा आडाळो होता. तीन वर्षं आई बाहेर उन्हात बसली. मग एक म्हातारी घरी बसली आणि आईला मधल्या खांबाजवळचा खण मिळाला.

दुपारनंतर सगळ्या आपापला खण धुवायच्या. पाणी उतारावरून गटारात जायला हवं, पण उतारावर दुसरीची जागा. म्हणून प्रत्येक बाई ते खांबाकडे लोटायची.

"माझ्या अंगाक कित्याक लोटतस गो पाणी?" काकी आईला विचारायची.

"तुझ्या अंगाक नाय, खांबाक."

"खांब काय तुझ्या बापाशीन घातल्यान?"

"तुझ्या घोवान पण घालूक नाय. तू पण लोट!"

आणि तीही लोटायची. खांब कोणाचाच नव्हता. मधल्या खांबाशी तर फरशी खचून खळगा झालेला, तिथे खारं पाणी साचून राही. एकदा मी पाटी शिवायचा दाभण त्याच्या बुडात टोचून बघितला. बोटभर आत गेला, पिकल्या केळ्यात जावा तसा. मग मी सगळे खांब टोचत फिरले. बाकीच्यांत तो थोडासाच जाई.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप ऱ्हव. कोणाक सांगशीत तर बघ."

"कित्याक?"

"दुरुस्ती काढतले, बाजार बंद करतले. मगे माझी जागा खंय?"

मी गप्प बसले. बारा वर्षांची होते, पण काय होईल ते मला कळत होतं.

पुढच्या मे महिन्यात कौलं परतायला दोन गडी आले तेव्हा बायकांनी बाहेर जायलाच नकार दिला. आधीचं कोणी विसरलं नव्हतं. गडी वर चढले, आम्ही खाली. दोघांचं वजन मधल्या तुळईवर आलं आणि खांब कलला. गडी सरकत जाऊन भिंतीच्या माथ्यावर पोचले.

आता आई उठत नव्हती आणि काकीही उठत नव्हती. जी आधी उठेल तिची जागा जाणार, म्हणून दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी आईचा आडाळो उचलला आणि रस्त्याच्या दारातून पळत सुटले.

"अगो भवाने, थंय ठेव तो!" आई माझ्या मागे धावली. भीतीने नव्हे, रागाने. रस्त्यावर गाठून तिने माझ्या पाठीत दोन बुक्के घातले.

मी मागे वळून बघितलं. आई गेली म्हणून काकी हसत होती. तिने आपली पाटी रस्त्याच्या दाराला जवळ असलेल्या आमच्या खणात सरकवली, मग आडाळो घेऊन स्वतःही सरकली. तेवढ्यात खांब बसला. तुळई पडली ती तिच्या रिकाम्या जागेवर, आणि वरची कौलं सगळीकडे.

"माझी जागा खाल्ल्यान," आई म्हणाली. धूळही अजून बसली नव्हती.

काकीला बाहेर काढलं तेव्हा तिचा एक हात दोन ठिकाणी मोडला होता. दुसऱ्या हातात आडाळो होता.

नव्या बाजाराला चिऱ्याचे खांब घातले, दोन खणांमध्ये गटार काढलं आणि जागांना आकडे दिले. पुढे मी कुडाळला, देवगडला कुठेही गेले तरी बाजारात आधी खांबांची बुडं बघायचे. माणसं मला हसत.

त्या दिवशी छपराखाली सापडली ती एकटी काकी, आणि ती जगली. वरचे दोन्ही गडी जगले. आई जगली, आणि मी.