रात्याची पेज

शैलावहिनी पहिला घास कोरडा खायची. वरण नाही, कालवण नाही. नुसता भात तोंडात घालून सावकाश चावत राहायची आणि मग बाकीच्या ताटाकडे वळायची. लग्न होऊन रोह्याच्या आमच्या घरात आली त्या दिवशीही तिने असंच केलं. आमची ताटं रिकामी झाली तरी नवरी आपली चावतेच आहे! अण्णा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणाले, "सूनबाई, दात दुखतात का?" मान खाली घालूनच ती म्हणाली, "नाय अण्णा. चव येते का बघत होते. हा भात चावायच्या आधीच पोटात जातो." अख्खी पंगत हसली. मी तेव्हा कॉलेजात होते. मला ती त्याच क्षणी आवडली.

तिचं माहेर पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाला लागून. तिथल्या खाऱ्या जमिनीत राता पिकतो, लालसर, जाडा तांदूळ. दिवाळीनंतर तिचा भाऊ पॉलिश न केलेल्या रात्याची गोणी पोचवून जायचा. माझी आई त्याच्या पिठाच्या भाकऱ्या करायची, शेजारीपाजारी वाटायची. भात मात्र आमच्याकडे पांढराशुभ्र, बारीक. वहिनी आपल्यापुरता वेगळा टोप चढवायची. "वन्स, चाखून तर बघ गो," मला म्हणायची, "ह्याला अंग हाय." भात मला लगेच आवडला नाही, पण तिचा शब्द आवडला. कोंडा चाळून टाकलेल्या पिठाची चपाती, मैद्याची बिस्किटं, एखादा गुळगुळीत बोलणारा पाहुणा, या सगळ्यांवर तिचा निकाल एकच असायचा: "अंग नाय."

अण्णा खांब गावाजवळच्या खेड्यातून नोकरीसाठी रोह्याला आलेले. पहिल्या पगारात आपण घरी पांढरा तांदूळ नेला, हे ते दर सणाला आम्हाला ऐकवत. पुढे त्यांना साखरेचा आजार जडला. पायाच्या बोटाला जखम झाली ती भरेना. डॉक्टर म्हणाले, "पांढरा भात, मैदा, पाव कमी करा. कोंड्यासकट धान्य खा, तेही बेतानं." दुसऱ्याच दुपारी आईने वहिनीच्या टोपातला लाल भात त्यांच्या ताटात वाढला. अण्णांनी ताट दूर सारलं.

"हेच खाऊन वाढलो मी. हे सुटावं म्हणून नोकरी केली. माझ्या ताटात पुन्हा गरिबी वाढू नका!"

ते उपाशीच उठले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. आईच्या डोळ्यांना पदर लागला. दादा, वहिनीचा नवरा, ताटात बघत राहिला.

वहिनी हात धुऊन अण्णांच्या मागे गेली. मी दारात उभी होते. ती पायरीवर बसली. औषधाचं, डॉक्टरचं एक अक्षर तिने काढलं नाही.

"अण्णा, तुमची आई ह्या भाताबरोबर काय वाढायची?"

अण्णा म्हणाले, "सुकट. असली तर."

"आणि त्या काय जेवायच्या?"

"ती कुठली जेवत्ये! आम्हा भावंडांची पोटं भरली, की टोपाला राहिलेल्या शितांत पाणी घालून प्यायची. म्हणायची, मला पेजच आवडते." अण्णांनी वहिनीकडे पाहिलं. "मी मोठा होईपर्यंत ते खरं मानलं."

ते रडू लागले. आईलासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. वहिनीने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "उद्या आपण सगळीच पेज पिऊ. एकाच टोपातली. कोण उपाशी राहणार नाय."

दुसऱ्या दिवशी तिने रात्याची पेज केली, सोबत परतलेली सुकट. अण्णांनी आधी सगळ्यांच्या वाट्या नीट पाहिल्या. आईच्या वाटीत तर वाकून पाहिलं. मग आपली उचलली. एक घोट घेऊन म्हणाले, "शितं खूप आहेत हिच्यात." आणि वाटी संपवली.

पेजेने काही चमत्कार झाला नाही. साखर थोडी आटोक्यात आली, गोळ्या चालूच राहिल्या, बोट काढावं लागलंच. पण अण्णा राता मागून घेऊ लागले आणि खाता खाता आपल्या आईबद्दल बोलू लागले. ती कशी हसायची, चिडली की कशी गप्प व्हायची. मी न पाहिलेली आजी त्या जेवणांत मला भेटली. तेव्हा वहिनीचं जेवण आणखीच लांबायचं, कारण ऐकताना ती घास हातातच धरून बसायची.

अण्णा गेले. मी लग्न होऊन पेणला आले. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनीला ताप आला. मुंबईला हलवलं, पण ती परत आली नाही. तिच्या भावाने या वर्षीही गोणी पोचवली. दारात ठेवली आणि पाणीही न पिता निघून गेला.

आता दर रविवारी मी एसटीने रोह्याला जाते आणि आईसाठी पेज करते. ती कधी उतरवायची, हे मी वहिनीला एकदा विचारलं होतं. "उकळीचा आवाज जाड झाला की," एवढंच ती म्हणाली होती. मी चुलीपाशी कान देऊन उभी राहते. मला अजून तो आवाज ओळखता येत नाही.

परवा पेज फार घट्ट झाली. आईने दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "शैला, जरा ऊन पाणी आण गो."

दादाचा हात ताटातच थांबला. आई दाराकडे बघत राहिली.

मी उठले आणि पाणी तापत ठेवलं.