मिशमिश एकटी जेवत नव्हती

वसईला कुणी विचारलं की जावई कतारला काय करतो, तर मी सांगते, हॉटेल लाइनमध्ये आहे. अगदीच खोटं नाही ते. सकाळी पपई कापतो, रताळी उकडतो, मध चोपडतो, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवतो आणि मागाहून घाण उचलतो. गिऱ्हाईक अस्वल आहे एवढंच सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात, आणि हसून झाल्यावर लवीनाचं विचारतात.

लवीना माझी मुलगी, मॅल्कमची बायको. इथे नर्स होती. आजारी पडली आणि गेली. तेव्हा नात कॅरलला सांभाळायला मी आले, ती व्हिसा वाढवत वाढवत राहिलेच. मुऐदर वस्तीत एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत, त्यातल्या वरच्या, मागच्या दोन खोल्या आमच्या. घरात कुणी रडत नाही. एसी चालू असतो, टीव्ही चालू असतो. मी मराठीत बोलते, कॅरल इंग्रजीत उत्तर देते आणि मॅल्कम दोन्ही भाषांत गप्प बसतो.

त्याचं काम अल खोरच्या वाटेवर, प्राणी सोडवून आणतात त्या केंद्रात. कुणी हौसेने पाळलेले, मग अंगावर आलेले, कुणाकडून जप्त केलेले. तिथे दोन अस्वलं आली. सूर्य अस्वल म्हणतात त्यांना. छातीवर पिवळा चांद, आणि नाव सूर्याचं. एकदा घरच्यांना आत सोडलं होतं तेव्हा मी पाहिली. मोठ्या कुत्र्याएवढी काळी जनावरं, नखं माझ्या विळीच्या टोकासारखी, आणि जीभ इतकी लांब की मधाची बाटली तळापर्यंत चाटून पुसून ठेवतील. एसीच्या हॉलमध्ये लाकडाचे ओंडके टाकलेले, त्यावर ती बसलेली. बाहेर रखरखीत वाळू आणि आत ही जंगलातली पोरं. मला वाटलं, आपल्यासारखीच आहेत, खिडकी उघडता न येणारी.

कुणा पैसेवाल्याच्या शेतघरात वाढलेली ती भावंडं. भाऊ दिसेल ते खायचा. बहिणीचं नाव काशिफने मिशमिश ठेवलं. मिशमिश म्हणजे इथल्या भाषेत जर्दाळू, तिच्या छातीच्या रंगावरून. काशिफ हा मॅल्कमच्या बरोबरीचा, लाहोरचा, बडबड्या. तर ही मिशमिश आल्यापासून खाईना. ताट भरलेलं, ती कोपऱ्यात. मग एक दिवस मॅल्कम जाळीबाहेर खुर्ची टाकून आपला डबा खायला बसला, तर ती उठून आली आणि तिचं ताट खाऊ लागली. तेव्हापासून रोज तसंच. त्याने खाल्लं तर ती खाणार. तो उठला तर ती ताट सोडून कोपऱ्यात.

मला हे ठाऊक नव्हतं. डबा रिकामा येतो म्हणून मी खूश होते. घरी तो चहापलीकडे काही घेत नव्हता, निदान दुपारचं तरी पोटात जातंय. मग त्यानेच एका संध्याकाळी बूट काढता काढता सांगितलं.

"म्हणजे तू तिच्यासाठी जेवतोस?"

"ती माझ्यासाठी जेवते, मम्मी."

"दोघंही शहाणे," मी म्हटलं.

त्या रात्री मी मुद्दाम त्याच्यासमोर ताट घेऊन बसले. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी. चवीने खाल्लं, बोटं चाटली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी अस्वल नाही, मम्मी."

"अस्वल असतास तर परवडलं असतं," मी म्हटलं आणि उरलेलं झाकून ठेवलं. कॅरल हसली. तो नाही.

पुढे तिथली डॉक्टर नीलांबरी, पुण्याची मुलगी, तिने मॅल्कमला समोर बसवून सांगितलं. ही दोघं त्यांच्या देशी, जंगलातल्या केंद्रात जाणार. तिथे माणूस जवळ येत नाही. खाणं झाडात लपवून ठेवतात, शोधून खायचं. जी अस्वलीण माणूस जेवायला बसेपर्यंत थांबेल ती तिथे उपाशी मरेल. म्हणून ईदपर्यंत ती एकटी खायला शिकली तर विमानात जागा, नाहीतर भाऊ एकटा जाईल आणि ही जन्मभर या हॉलमध्ये.

मग मॅल्कमची खुर्ची मागे सरकवायला लागले. आठवड्याला थोडी थोडी. मॅल्कम मुकाट सरकत गेला. खुर्ची दाराशी गेली तरी ती खायची. खुर्ची भिंतीआड गेली तरी खायची, पण तो आड बसून जेवत असेल तरच. तो नुसता बसला की तिचं ताट तसंच. डॉक्टर म्हणायची, हे एकटं खाणं धरता येणार नाही. रमजान सुरू झाला, दिवस सरत आले.

मी विचारलं, "तुला काय वाटतं, जावी की राहावी?"

"माझ्या वाटण्यावर आहे का?"

"आहे की नाही ते नाही विचारलं."

तो उठून गाडीची चावी शोधायला लागला. चावी समोर होती.

त्यात लवीनाला जाऊन वर्ष झालं, तिच्यासाठी चर्चमध्ये मिसा होती. इथे शुक्रवारी गर्दीची मिसा असते. तो म्हणाला, शुक्रवारी मिशमिशला कोण बघणार. मी म्हटलं, काशिफ बघेल, एका दिवसाने मरत नाही ती. मग आला. फादरने गेलेल्यांची नावं वाचली, त्यात तिचं नाव वाचलं. पुढचं वाचलं. मला काही वाटलं नाही. पाय दुखत होते तेवढं वाटलं.

बाहेर पार्किंगमध्ये गाडी थंड व्हायची वाट बघत उभे होतो तर काशिफचा फोन. मॅल्कमने स्पीकरवर लावला, हातात कॅरलची बॅग होती.

"मॅल्कमभाई, मिशमिश ने खा लिया. पूरा."

"तू खाया उसके सामने? तेरा रोजा है ना?"

"तौबा करो. मैं तो भूखा बैठा था. किचन से खाली स्टील का डब्बा लाया, ढक्कन खोला, चम्मच घुमाया, खड़ खड़. बस. वो आई और शुरू. तीन बार देखा भाई. आदमी नहीं चाहिए उसको, आवाज़ चाहिए. फार्महाउस में बर्तन बजा के बुलाते होंगे."

मॅल्कमने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"डॉक्टर को अभी बोला नहीं मैंने," काशिफ हळू म्हणाला. "तुम बोलो तो बोलूँ. नहीं बोलो तो… मैंने देखा ही नहीं."

आवाजच हवा असेल तर तो हळूहळू कमी करता येतो, हे त्या दोघांना कळत होतं. मलाही कळलं. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर राहणार, आणि रोज दुपारी त्याची वाट बघणार. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लोक चहाच्या स्टॉलकडे चालले होते, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला आत कुठेतरी वाटलं, राहू दे ती, काशिफला गप्प बसव. हे मी कुणाला बोलले नाही.

"बोल दे," मॅल्कम म्हणाला. "शुक्रन, काशिफ."

त्याने फोन खिशात टाकला.

"मला वाटलं होतं…" म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "मलाही."

कॅरल म्हणाली, "कॅन वी गो? इट्स सो हॉट." मग निघालो.

मग डॉक्टरने त्याला डब्याचा आवाज मोबाईलवर भरून आणायला सांगितला. आमच्याच स्वयंपाकघरात भरला. मी मोबाईल धरला, त्याने झाकण उघडलं, चमचा फिरवला. पहिल्यांदा मी मधेच खोकले. दुसऱ्यांदा शेजारच्यांचा कुकर वाजला. तिसऱ्यांदा नीट जमलं. तो आवाज तिकडे स्पीकरवर लावायचे, रोज थोडा बारीक. मॅल्कमने हॉलमध्ये पाय ठेवायचा नव्हता. तो बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचा. शेवटी आवाज बंद केला. ती आली, ताट हुंगलं, दाराकडे पाहिलं, आणि खाल्लं.

"किती वेळ पाहिलं दाराकडे?" मी विचारलं.

"फार नाही."

ईदनंतर दोघा भावंडांना पिंजऱ्यात घालून विमानतळावर नेलं. मॅल्कम गाडीबरोबर गेला. परत येताना त्याने फोन केला, खाली येऊन थांब, कॅरलला शाळेतून घ्यायचंय, तूही चल. मी उतरले आणि पुढच्या सीटवर बसले. त्याने गाडी हलवली नाही. एसी माझ्या तोंडावर येत होता.

"नीट गेली?"

"हो."

"ओरडली का?"

"नाही. पपई दिली होती आत. पाठ करून खात होती. मी हाक मारली."

"मारायची नव्हती ना?"

"नव्हती." त्याने गॉगल काढून पुसला, परत घातला. "वळली नाही, मम्मी. खातच राहिली."

चांगलं झालं, असं म्हणायचं होतं, ते खरंही होतं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं. मी त्याच्या शर्टाच्या बाहीला चिकटलेली पपईची बी काढली आणि काच खाली करून बाहेर टाकली. गरम वारा आत आला. मी काच वर केली.

"शाळा सुटली असेल," मी म्हटलं.

त्याने गाडी मागे घेतली.