विरोध किती?

गुरप्पा मेस्त्रीचा कशावर म्हणून विश्वास नाही. नवी पेठेत छत्री घ्यायला गेला, तर दुकानदाराला म्हणाला, "वरनं एक बादली पानी टाका, बघू." भर मे महिन्यात, भर रस्त्यात हा छत्री उघडून उभा, आणि वरच्या मजल्यावरून दुकानातला माणूस बादली ओततोय. छत्री पास झाली. शेजारून जाणारा रिक्षावाला भिजला, त्यानं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच्या गॅरेजातही तेच. पार्ट बदलायचा नाही, आधी तपासायचा. "आजकालच्या पोरांना काय, लाइट लागला की बदल पार्ट. आरं, लेकरू रडलं म्हनून लेकरू बदलत्यात व्हय?" त्याची बायको शांतम्मा यावर कपाळाला हात लावते. "मला करून आनताना तपासलं न्हाय, तेवडंच माजं नशीब," म्हणते.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तारेत विजेची जी अडवणूक होते, तिला शाळेच्या पुस्तकात रोध म्हणतात. गुरप्पा तिला विरोध म्हणतो. उभा जन्म म्हणत आलाय आणि सुधारायची कुणाची टाप नाही.

तर त्या रविवारी त्याच्या लेकीला, सिद्धेश्वरीला, बघायला येणार होते. बघायचं काय राहिलं होतं म्हणा! ती आणि होटगीचा शिवानंद एकाच बँकेत, शेजारच्या टेबलावर. दोघांचं केव्हाच ठरलेलं. अडत होतं ते नीलम्माआत्यापाशी. शिवानंदला आईबाप नाहीत. या आत्यानं त्याला वाढवला, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय तो बोहल्यावर चढणार नव्हता. तिनं आधी दोन मुली नाकारल्या होत्या. त्यातली एक तर बापानं जांभई दिली म्हणून. आपल्या बापाचं जांभईवर भागणार नाही, हे सिद्धेश्वरीला पक्कं ठाऊक होतं.

"अप्पा, आज फक्त माणसांशी बोलायचं. मशीनशी नाही."

गुरप्पानं शपथ घेतली. तरी शांतम्मानं हत्यारांची पेटी कपाटात घालून कुलूप लावलं. विरोध मोजायचा मीटर तेवढा गुरप्पानं आधीच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पाहुण्यांची गाडी दारात आली ती काळा धूर सोडत. पेट्रोलचा वास पार देवघरापर्यंत. गुरप्पा हात जोडून "या, या" म्हणत होता, पण नजर गाडीच्या बुडाकडं. तरी सोसलं बिचाऱ्यानं. पोहे झाले, हवापाणी झालं. मग आत्या देवघरात हात जोडायला गेली, तेवढ्यात काहीतरी बोलायचं म्हणून शिवानंद बोलून गेला, "मामा, गाडीचा काटा वर चढतच नाही आणि पेट्रोल नुसती ढोसते. गॅरेजवाला म्हणतो, पाण्याची गरमी सांगणारा सेन्सर गेलाय, बदलून टाकू."

"तपासला?"

"नाही."

पडद्याआड सिद्धेश्वरीनं डोळे मिटून घेतले.

"आवं, सोलापुरात ऊन ह्ये आसलं, आन् तुमच्या गाडीला वाटतंय भाईर बर्फ पडलाय! ती पेट्रोल ढोसंल न्हाय तर काय करंल?" गुरप्पा उठलाच. इंजिन निवलेलं होतं. गाडीतल्याच पान्यानं त्यानं सेन्सर काढला, बोटाएवढा, पितळी. भोकात फडक्याचा बोळा कोंबला आणि शिवानंदला घेऊन तडक स्वयंपाकघरात.

शांतम्मानं चहासाठी माठातलं गार पाणी पातेल्यात ओतलं होतं. गुरप्पानं सेन्सर दोऱ्याला बांधून त्यात सोडला.

"ब्याड री!" शांतम्मा ओरडली. नको म्हणून. घरातलं भांडण ती कानडीत करते, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही असा तिचा समज. पाहुणे होटगीचे, त्यांची कानडी तिच्यापेक्षा चांगली. आणि मधे भिंत नव्हती, नुसता पडदा. पडद्याबाहेर नीलम्माआत्या देवघरातून परत येऊन रिकामी बशी धरून एकटी बसलेली.

"मानेपतुर बुडवा त्याला," गुरप्पा म्हणाला. "डोस्कं तेवडं वर ऱ्हाऊ द्या." तांदूळ झटकून त्यानं मीटर शिवानंदच्या हातात दिला आणि तारा सेन्सरला लावल्या. "विरोध किती?"

"अडीच हजार, मामा."

"आसनारच. गार हाय तवर विरोध लई. तापवा आता, आपसूक उतरंल."

इरकल नेसलेल्या सिद्धेश्वरीनं मुकाट्यानं गॅस पेटवला. हे लवकर संपावं एवढंच तिला वाटत होतं.

"उतरला का?"

"नाही, तेवढाच."

"नीट बघ की." काम हाती आलं की गुरप्पा कुणालाही अरे-तुरे करतो. "हजारावर आला आसंल."

"नाही, मामा. अडीच हजारच."

होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर नाही म्हणणारा हा पोरगा गुरप्पाला तिथल्या तिथं आवडून गेला. पण सेन्सरचं काही खरं दिसेना.

"मग मेला म्हनायचा. टाकून देऊ. आसले छप्पन्न मिळत्यात बाजारात!"

सिद्धेश्वरीनं वाकून बघितलं. "अप्पा, खाली गॅसच बंद आहे."

"कुनी बंद केला?"

"मी केला!" शांतम्मा कडाडली. "माजा विरोध हाय!"

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"मानेपतुर बुडवा, तापवा, मेला तर टाकून द्या," नीलम्माआत्या एकेक बोट मोडत म्हणाली. "आमचं पोरगं काय उकिरड्यावर सापडलंय व्हय? आन् आईचाच विरोध हाय, तर आमाला पोहे कशाला चारले? चल रं शिवा."

लेकीचं पांढरं पडलेलं तोंड गुरप्पानं बघितलं आणि त्याला कळलं, की आपण पोरीचं वाटोळं केलं, तेही पितळेच्या एका तुकड्यापायी. मग त्याला जे येतं तेच त्यानं केलं. गॅस पेटवला आणि मीटर नीलम्माआत्याच्या हातात कोंबला.

"तुमीच बघा, आक्का. ह्येच्या विरोधाचं चाललं हुतं. मानसाच्या न्हाय."

"दोन हजार," आत्या करवादली. आकडा हलत होता. "पंधराशे. आगं बाई, हजार!" ती पातेल्यावर वाकली, चष्म्यावर वाफ धरली. "साशे! उतरतोय बघ, शांतम्मा, उतरतोय!"

पाणी खळखळलं तेव्हा आकडा दोनशेच्या आत आला होता.

"ठणठणीत हाय," गुरप्पा म्हणाला. "म्हंजे वायरच उंदरानं कुरतडली आसनार. ती जोडली की झालं."

आत्यानं चष्मा पुसला आणि मीटर तसाच हातात धरून सिद्धेश्वरीसमोर येऊन उभी राहिली.

"आता तू सांग, पोरी. तुजा विरोध किती?"

सिद्धेश्वरीनं शिवानंदकडं बघितलं आणि मान खाली घातली. "शून्य."

शांतम्मानं देवाला हात जोडले. शिवानंद हसला. आणि गुरप्पा केवढ्यांदा तरी ओरडला, "शून्य न्हाय म्हनायचं!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"शून्य म्हंजे आतनं जळालेला. शून्य दावनारा सेन्सर मी आजवर कुटल्या गाडीत ठिवला न्हाय. कितीबी तापू दे, थोडा विरोध ऱ्हायलाच पायजे. थोडा ठिव गं, माजे आई. कुटंबी नांद, थोडा तरी ठिव." आणि पाहुण्यांसमोर, हातात चिमटा धरून, तो रडायला लागला.

नीलम्माआत्यानं मीटरचा खटका बंद केला.

"खरं बोलला," ती म्हणाली. "मी सासरी शून्य घिऊन गेले हुते, घराभाईर काडलं तरी न्हाय म्हनले न्हाय. म्हनून तर जलम भावाच्या दारात काडला."

मग तिनं मीटर सिद्धेश्वरीच्या हातात दिला. "तू थोडा घिऊन ये, पोरी. आमच्यात चालंल. आन् शांतम्मा, चहा टाक आता. ह्या पातेल्यात नगं."